नीट करून सांग

वकीलबाई अजून वकील झाली नव्हती. कायद्याचं शेवटचं वर्ष तेवढं उरलं होतं. पण हे नाव तिला चिकटलं ती आठ-नऊ वर्षांची असताना, आणि चिकटवलं तिच्या बाबांनी. या देशात येऊन त्यांना पुरतं वर्षही झालं नव्हतं. ऐन थंडीत घरातल्या हीटरनं मान टाकली. आई इस्पितळात कामावर गेलेली, बाबांना इथल्या भाषेतलं 'हो', 'नाही' आणि 'आभारी आहे' यापलीकडे काही येत नव्हतं, आणि घरमालक कधी नव्हे तो दारात येऊन उभा राहिलेला. बाबांनी पोरीला पुढे केलं आणि आपल्या भाषेत तोंड सोडलं.

"याला म्हणावं, तुझ्या घरात माणसं राहतात की बर्फाच्या लाद्या? स्वतः एक रात्र झोपून दाखव म्हणावं इथं!" एवढं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि पोरीला म्हणाले, "हे जरा नीट करून सांग त्याला."

पोरीनं मान वर करून घरमालकाकडे पाहिलं आणि सांगितलं, "बाबा म्हणतात, तुम्ही आलात ते फार बरं झालं. थंडीनं आई आजारी पडेल अशी त्यांना काळजी वाटते." दिवस मावळायच्या आत हीटर सुरू झाला. बाबांनी पोरीला उचलून टेबलावर उभं केलं आणि जाहीर केलं, "आमच्या घरात वकीलबाई जन्माला आली!"

तिथून पुढे हेच चालू झालं. शाळा, दुकान, दवाखाना, कुठेही जायचं तर बाबा मनाला येईल ते बोलणार, शेवटी 'नीट करून सांग' म्हणणार, आणि ती नीट करून सांगणार. शिव्या गाळून टाकायच्या हे सोपं होतं. खरं काम उलट बाजूनं होतं. बाबांना आपलं दुखणं सांगताच येत नसे. अंगात ताप फणफणलेला असला आणि डॉक्टरनं 'कसं वाटतंय' विचारलं, तरी हे आपले 'मजेत'! मग ती डॉक्टरला सांगे, "तीन दिवस ताप आहे, जेवण जात नाही, रात्री बडबडतात." बाबा बाजूला बसून मान डोलवत. आपण 'मजेत' म्हणायचं आणि आपल्या माणसानं आपल्यासाठी खरं ते सांगायचं, अशी त्यांच्या मनात कामाची सरळ वाटणीच झाली होती. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं रडगाणं गायचं म्हणजे त्यांना भर रस्त्यात सदरा काढण्यासारखं वाटे.

बाबा एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत रफूचं काम करत. जळलेला कोट, कुरतडलेली शाल, खिशाजवळ फाटलेली पँट. काम झालं की ते कापड खिडकीशी नेत आणि उजेडात धरून वकीलबाईला म्हणत, "शोध बघू कुठं होतं ते." तिला कधी सापडलं नाही. तिची सारवासारवही तसलीच होती. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नाही.

मोठी झाल्यावर तिनं कायदा आणि सार्वजनिक धोरण हाच विषय घेतला, यात कुणालाच नवल वाटलं नाही. सार्वजनिक धोरण म्हणजे काय ते तिनं बाबांना पुन्हा पुन्हा समजावलं. शेवटी त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला आणि लॉन्ड्रीत सांगून टाकलं, "आमची पोरगी सरकारला शिकवते."

ते अगदीच खोटं नव्हतं. तिच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत, स्वतः वकिली करायच्या आणि कॉलेजच्या तळमजल्यावर गरजूंसाठी कायद्याचं मदत केंद्र चालवायच्या. बाहेरून आलेल्या माणसांना या देशात राहू द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या सुनावण्यांबद्दल त्यांनी सरकारसाठी एक अहवाल केला, आणि त्यातलं दुभाष्यांचं प्रकरण वकीलबाईकडे दिलं. तिनं महिनोन्‌महिने सुनावण्यांना बसून टिपणं काढली होती. एका सुनावणीत नवऱ्यानं बायकोचं बोलणं सांगितलं होतं. ती रडत रडत आपल्या भाषेत 'हा मला मारतो' म्हणाली, आणि त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं, 'ती जिन्यावरून पडली.' वकीलबाई रागानं लाल झाली. तिनं लिहिलं, नात्यातल्या माणसाला सुनावणीत दुभाषी म्हणून उभंच करू नये. कधी स्वार्थापोटी तर कधी मायेपोटी ते बोलणं बदलतं, आणि माणसाला स्वतःच्या शब्दांत ऐकलं जाण्याचा हक्क हिरावला जातो. तेव्हा दुभाषी परका हवा, शपथेनं बांधलेला हवा.

मॅडमनी तिची पाठ थोपटली. सरकारनंही, कधी नव्हे ते, चटकन ऐकलं आणि तसा नियम केला. नियम चुकीचा होता असं अजूनही कुणाला म्हणता येणार नाही, आणि हीच तर खरी पंचाईत आहे.

बाबांचा इथं राहण्याचा परवाना आईच्या नोकरीवर होता. आई गेली. एका आठवड्याच्या दुखण्यानं, ज्या इस्पितळात ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहिली तिथंच. वकीलबाईचा परवाना विद्यार्थिनी म्हणून तिचा तिला होता, तिला कुणी हलवू शकत नव्हतं. बाबांना मात्र सरकारनं थोडी मुदत दिली आणि मग कळवलं, की परत जाण्यानं तुमचे फार हाल होणार असतील तर तसं सुनावणीत येऊन सांगा, नाहीतर निघा.

हाल तर होणारच होते, त्यात शंका नव्हती. मायदेशी दोन खोल्यांचं घर होतं, ते बाबांच्या धाकट्या भावानं आजी गेल्यावर कुलूप बदलून गिळलं होतं. आईच्या निधनाचं कळवायला बाबांनी त्याला फोन केला, तेव्हा सांत्वनाचा एक शब्द न काढता तो म्हणाला होता, "म्हणजे आता इकडे यायचा विचार आहे की काय? जागा नाही हं." शिवाय बाबांच्या हातांना कंपवातानं धरलं होतं. उजवा हात बसल्याजागी थरथरे. सुई तर केव्हाच सुटली होती. लॉन्ड्रीवाला जुन्या ओळखीखातर त्यांना बटणं निवडायला बसवत असे. बटणंही हातातून घरंगळत. सकाळी सदऱ्याच्या गुंड्या वकीलबाई लावून देई, आणि त्या वेळी दोघंही मुद्दाम हवापाण्याचं बोलत.

हे सगळं अधिकाऱ्याच्या कानावर गेलं असतं तर बाबा राहिले असते. मॅडमना त्याची खात्री होती. अशी प्रकरणं त्यांनी पुष्कळ जिंकली होती. त्यांनी वकीलपत्र घेतलं आणि तयारीसाठी बाप-लेकीला मदत केंद्रात बोलावलं.

खोली लहानशी, भिंतीला पाइप गेलेले, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. शपथेचा दुभाषी आणणं केंद्राला परवडत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "नियम सुनावणीपुरता आहे. इथं आपण आपापसात आहोत, तूच सांग." वकीलबाई खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसली. लहानपणापासूनची तिची जागाच होती ती.

मॅडमनी विचारलं, "तिकडे भावाकडे राहता येईल का?"

बाबा म्हणाले, "भाऊच आहे शेवटी. असतं थोडंफार. नीट करून सांग त्यांना."

आणि वकीलबाईनं सांगितलं, "भावानं कुलूप बदललं. फोनवर जागा नाही म्हणाला. दारातसुद्धा उभं करणार नाही."

"हातांचं कसं आहे?"

"चालायचंच. वय झालं."

"कंपवात आहे. गुंडीसुद्धा लावता येत नाही. एकट्यानं जेवताना निम्मं सांडतं."

मॅडम लिहून घेत गेल्या. एकही शब्द खोटा नव्हता, फक्त तो बाबांचा नव्हता. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, जिनं या विषयावर अख्खं प्रकरण लिहिलं, त्या हुशार मुलीच्या हे ध्यानातही आलं नाही. श्वास घेताना आपण श्वास घेतोय हे कुठं कुणाच्या ध्यानात येतं! मॅडम उठताना म्हणाल्या, "तुझे वडील फार स्पष्ट बोलतात. असा साक्षीदार मिळाला तर वकिलाला कामच उरत नाही." तेव्हा कुठं वकीलबाईला बारीकसं काहीतरी खटकलं. पण मॅडम खूश होत्या, बाबा खूश होते, दिवस चांगला गेला होता. तिनं ते पोटातच ठेवलं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही. बाबा इस्त्री करायला बसले होते. तिनं त्यांच्या हातातून इस्त्री काढून घेतली आणि म्हणाली, "बाबा, उद्या मी मधे नसणार. मी मागे बसणार, आणि तोंड उघडणार नाही. तुमचं तुम्हालाच सांगायचंय."

"कळलं की. कितीदा सांगशील?"

"काकाचं सगळं सांगाल?"

"सांगीन गं."

"हात दाखवाल?"

"हात कशाला दाखवू? तो काय ज्योतिषी आहे?" बाबा स्वतःच्या विनोदावर खळखळून हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. तीही हसली. त्यानंतर पुन्हा तो विषय काढायला तिची जीभ रेटेना.

सकाळी बाबांनी कोट घातला. कोपरावर त्यांनीच कधीकाळी रफू केलेला, न दिसणारा. वकीलबाईनं गुंड्या लावल्या. "आज ऊन पडेलसं दिसतंय," बाबा म्हणाले. "हो, पडेल," ती म्हणाली.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढीच होती. एका बाजूला अधिकारी, समोर बाबा, त्यांच्या शेजारी मॅडम. मागच्या भिंतीलगत चार खुर्च्या, त्यातल्या एकीवर वकीलबाई. अधिकारी काही राक्षस नव्हता. बाबांना बसायला आधी त्यानं सांगितलं, पाण्याचा पेला स्वतः पुढे सरकवला. वकीलबाईचं म्हणणं आधीच दाखल झालं होतं, तेही वाचल्याचं त्यानं सांगितलं. "पण मुलगी बापासाठी बोलणारच," तो म्हणाला. "मला यांच्याकडूनच ऐकायचंय."

मग दार उघडून दुभाषी आली. पन्नाशीची, करड्या स्वेटरातली बाई. तिनं खुर्ची नीट लावली आणि आपल्या भाषेत, अगदी आपल्याकडच्या सुरात, बाबांना "नमस्कार" म्हटलं. बाबांचा चेहरा एकदम खुलला. वकीलबाई मात्र खुर्चीत पुढे सरकली. शपथेचा दुभाषी म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर इतके दिवस एक यंत्र होतं. आपली भाषा बोलणारं यंत्र म्हणजे आपल्याकडचंच माणूस असणार, एवढी साधी गोष्ट अहवालात आली नव्हती.

अधिकाऱ्यानं नियम वाचून दाखवला. "दुभाषी परका राहील. तो काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही. कारण प्रत्येक माणसाला स्वतःच्या शब्दांत ऐकलं जाण्याचा हक्क आहे." शेवटचं वाक्य वकीलबाईचं होतं. जसंच्या तसं उचललं होतं सरकारनं. ते लिहिलं त्या दिवशी तिनं मॅडमना दोनदा वाचून दाखवलं होतं.

दुभाषीबाईनं सगळं सांगितलं. बाबांनी मान डोलवली आणि तिलाच विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

दुभाषीबाईनं नजर खाली घालून अधिकाऱ्याला सांगितलं, "अर्जदार विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या."

अधिकारी हसला. "त्यांना सांगा, उत्तर देता येणार नाही." बाबाही हसले. त्यांना वाटलं, चांगली सुरुवात झाली.

"तिकडे तुमचं कोण आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

वकीलबाईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. इथं फक्त परकी माणसं असती तर बाबा कदाचित अडखळत, कण्हत बोललेही असते. पण शेजारी आपल्याकडची बाई बसली होती. चांगल्या घरातली वाटत होती. तिच्यासमोर सख्ख्या भावानं आपल्याला घराबाहेर काढलं हे सांगायचं? उद्या ती चार ठिकाणी बोलली म्हणजे? भाऊ कसाही असो, घरातली घाण आपल्या माणसांसमोर काढायची नसते, हे बाबांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

"भाऊ आहे की!" बाबा ताठ बसून म्हणाले. "धाकटा. मुलंबाळं आहेत. भरलं घर आहे."

दुभाषीबाईनं ते जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं.

"संबंध कसे आहेत?"

"भावाभावांचे असतात तसेच. चांगले."

मॅडमनी झटकन मान वळवून बाबांकडे पाहिलं. मग मागे, वकीलबाईकडे. त्या नजरेत अजून राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं.

"तिकडे राहायला जागा?"

"वडिलांचं घर आहे. दोन खोल्या आहेत, पण ऐसपैस."

वकीलबाईनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात, नेहमीच्या सवयीनं, बाबांनी तिच्याकडे मागे वळून पाहिलं. आपलं बोलून झालं, आता तू सांग, अशी ती नजर होती. आयुष्यभर याच क्षणी तिनं तोंड उघडलं होतं.

"मागे बसलेल्या बाईंना मी एकदाच सांगतो," अधिकारी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "खूण केली तर बाहेर बसावं लागेल, आणि ती खूण यांच्या विरुद्ध नोंदवावी लागेल."

ती दगड झाली. आता मान हलवायचीही सोय नव्हती. कायद्याची सगळी कलमं तिला तोंडपाठ होती, आणि त्यातलं प्रत्येक तिला एकच सांगत होतं, की गप्प बस.

मॅडमनी सावरायचा आटापिटा केला. प्रश्न विचारायची त्यांची पाळी आल्यावर त्यांनी खोदून विचारलं, "भावानं कुलूप बदललं होतं ना?" बाबा म्हणाले, "जुनं झालं होतं कुलूप." मॅडम म्हणाल्या, "भाऊ फोनवर काय म्हणाला ते सांगा." बाबांनी दुभाषीबाईकडे चोरून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी गेल्याचं त्याला फार वाईट वाटलं." मॅडमनी शेवटचा डाव टाकला. "तुमचे हात टेबलावर ठेवा."

बाबांनी इतका वेळ हात गुडघ्यांत दाबून ठेवले होते. ते त्यांनी वर काढले आणि टेबलाची कड गच्च पकडली. बोटांची पेरं पांढरी पडली. वकीलबाई मनातल्या मनात त्या हाताला विनवत होती. हल, एकदा तरी हल, रोज सकाळी हलतोस ना तसा. पण आयुष्यभर सुई धरलेला तो हात तेवढ्या वेळापुरता हट्टानं स्थिर राहिला.

"काही त्रास?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"छे! मजेत आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी हात पुन्हा गुडघ्यांत सारले, दुभाषीबाईकडे झुकले आणि हळू आवाजात, विश्वासानं म्हणाले, "आता हे सगळं जरा नीट करून सांगा त्यांना."

दुभाषीबाई थबकली. तिनं एकदा बाबांकडे पाहिलं. मग तिनं समोर बघून सांगितलं, "अर्जदार मला म्हणतात, हे सगळं जरा नीट करून सांगा त्यांना."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "नीट करून म्हणजे? काय नीट करायचंय?"

हा प्रश्न आपल्या भाषेत कानावर आला तेव्हा बाबा गोंधळले. ते दुभाषीबाईकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू तिनं त्यांची चहाडी केली होती. "म्हणजे... जसं सांगतात तसं," ते पुटपुटले. तेही तिनं सांगितलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मुलीला दोन शब्द बोलू द्यावेत, म्हणाल्या. अधिकाऱ्यानं हातातले कागद सरळ केले. "मॅडम, हा नियम कुणाच्या अहवालानं आला, ते मी तुम्हाला सांगायला नको. मला तो पटलाय. या गृहस्थांना मी आज त्यांच्याच शब्दांत ऐकलं." मग बाबांना तो म्हणाला, "तुम्ही प्रामाणिक माणूस आहात. इथं येणारे बहुतेक लोक आपली दुःखं वाढवून सांगतात." आणि निकाल मागाहून कळवू म्हणून तो उठला.

बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये बाबांचा चेहरा फुलून आला होता. 'प्रामाणिक माणूस' एवढंच त्यांनी पदरात बांधून आणलं होतं. दुभाषीबाई बॅग सावरत बाजूनं निघाली, तिला थांबवून त्यांनी आग्रहानं सांगितलं, "घरी या एकदा." तिनं मान हलवली, पण पाऊल पुढे पडेना. वकीलबाईच्या जवळ येऊन ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला सगळं कळत होतं गं. माझे वडील असेच होते. पण मला..." पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं आणि जिन्याकडे चालू पडली.

मॅडमनी वकीलबाईला खिडकीपाशी घेतलं. बाबा चार पावलांवर बाकावर बसले होते.

"एकच सांग," मॅडम म्हणाल्या. "माझ्या खोलीत हे असंच बोलले होते?"

वकीलबाईनं होकारार्थी मान हलवली. तिला 'नाही' म्हणायचं होतं, आणि ते खोटं होतं.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला कळलं असतं तर मी त्यांच्याशी चार दिवस बसले असते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला हजर केलं असतं. आता अपिलाला जागा नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, घर आहे, भाऊ आहे, त्रास नाही. वरचं न्यायालय हेच वाचणार." त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हसून मान लववली. "त्यांना सांग, आपण हरलो. त्यांना जावं लागेल. आणि आत्ता सांग, कारण नंतर तू सांगणार नाहीस. मी म्हणतेय तसंच सांग. तुझं काही घालू नकोस."

वकीलबाई बाकापाशी जाऊन बाबांच्या पुढ्यात उकिडवी बसली. गुडघ्यांवर ठेवलेला उजवा हात आता मोकळेपणानं थरथरत होता. बघायला कुणी नव्हतं, तेव्हा त्याला कशाचीच लाज नव्हती. तिनं तो दोन्ही हातांत धरला.

"काय म्हणाल्या मॅडम?" बाबांनी विचारलं. "झालं ना काम?"

तिच्या जिभेवर चांगलं काहीतरी आलंही होतं. मॅडम म्हणतात छान बोललात, मॅडम म्हणतात वाट पाहू. पंधरा वर्षांची सवय होती, न मागता तयार होऊन येई. ती तिनं गिळली, आणि जन्मात पहिल्यांदा बाबांना दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"मॅडम म्हणाल्या, आपण हरलो. तुम्हाला जावं लागेल. तुम्ही स्वतःच सांगितलंत, घर आहे, भाऊ आहे, त्रास नाही. आता कुणाला काही करता येणार नाही."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही; त्याला कुठं जावं ते सुचत नव्हतं. पॅसेजच्या टोकाला कुणाचा तरी पुकारा झाला, एक कुटुंब लगबगीनं उठून आत गेलं. बाबांनी आपला हात तिच्या हातांतून सोडवायचा प्रयत्न केला आणि तो सुटला नाही तेव्हा तसाच राहू दिला. मग ते पुढे झुकले, आवाज खाली आणला, आणि घरमालक दारात उभा होता त्या दिवशी म्हणाले होते तसं म्हणाले, "हे तू नीट करून नाही सांगितलंस, बाळा. जरा नीट करून सांग की."